मुलाखतीतली देहबोली: किती वाचायची, किती सावरायची?

तिसरा_बाक (धागाकर्ता)

नोकरीच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. उमेदवार बाहेर गेला की पॅनेल दहा मिनिटं बसतं. त्या दहा मिनिटांत कानावर पडणारी वाक्यं मला बरेच दिवस अस्वस्थ करत आहेत. "नजर चुकवत होता." "हाताची घडी घालून बसली होती, मोकळी नाही वाटली." "सारखा पेनशी चाळा चालला होता, आत्मविश्वास कमी आहे." उमेदवाराने तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असं विचारलं, तर अनेकदा कागदावर काहीच लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या बाजूला उमेदवार आहेत. हात कुठे ठेवू, किती हसू, किती वेळ डोळ्यांत बघू, या हिशेबात त्यांचं अर्धं लक्ष जातं आणि उत्तराला उरलेलं अर्धं मिळतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी हा धागा काढतोय.

माझं मत आधीच मांडतो. समोरच्याचं शरीर आपल्याला फार तर एवढं सांगतं की तो आत्ता अवघडलाय. तो कशामुळे अवघडलाय हे मात्र ते सांगत नाही. खुर्ची गैरसोयीची असेल, नोकरीची फार निकड असेल, प्रश्न नीट कळला नसेल, जुन्या जागी झालेला अपमान आठवला असेल, किंवा तो खरंच खोटं बोलत असेल. टेबलाच्या या बाजूने हे सगळं एकसारखंच दिसतं.

या विषयावरच्या प्रत्येक प्रशिक्षणात एक आकडा भेटतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हा आकडा अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, ते उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो होते. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणाऱ्याला कशावरून कळते. मुलाखतीसारख्या पूर्ण संभाषणाशी त्याचा संबंध नाही, आणि हे स्वतः मेहरेबियन यांनीही स्पष्ट केलंय. साधा विचार करा: शब्द खरंच ७ टक्के असते, तर आपल्याला न कळणाऱ्या भाषेतली मुलाखतही ९३ टक्के समजायला हवी.

मग देहबोली बघूच नये का? बघावी, पण तिच्यावरून निकाल देऊ नये, तिच्यावरून पुढचा प्रश्न विचारावा. सुरुवातीच्या गप्पांत माणूस एरवी कसा बसतो, किती हातवारे करतो, कुठे बघतो हे लक्षात ठेवायचं आणि पुढे त्यात बदल झाला तरच दखल घ्यायची. एक नमुना सांगतो. उमेदवार आपल्या प्रकल्पाबद्दल पुढे झुकून, हात हलवत बोलतोय. "ही रचना कोणी ठरवली?" असं विचारल्यावर हात थांबतात, आवाज खाली येतो आणि "मी"च्या जागी "आम्ही" येतं. इथे "आखडला" असं लिहून मोकळं होण्यात काही अर्थ नाही. "त्यात तुमच्याकडे नेमकं काय होतं?" असं विचारा. कदाचित दुसऱ्याचं काम तो आपल्या नावावर सांगत असेल. कदाचित वरिष्ठांशी त्याचे मतभेद झाले असतील आणि त्यांच्याविषयी त्याला वाईट बोलायचं नसेल. ही दोन अगदी वेगळी माणसं आहेत, आणि त्यांच्यातला फरक पुढच्या उत्तरातूनच कळतो.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

उनाड_वारा

धागा अगदी वेळेवर आला. पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत आहे. माझी अडचण नजरेची. विचार करताना मी छताकडे किंवा खाली टेबलाकडे बघतो. मागच्या एका मुलाखतीनंतर "डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही" असा अभिप्राय मिळाला. तेव्हापासून मुद्दाम बघत राहायचा सराव करतोय, पण तसं बघत राहिलं की उत्तरच आठवत नाही. काय करावं?

शाई_आणि_शब्द

@उनाड_वारा, तुम्हाला येतोय तो अनुभव मानसशास्त्रात नीट अभ्यासला गेलाय. आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की प्रश्न जसजसा अवघड होतो तसतशी माणसं नजर बाजूला वळवतात, आणि तसं केल्याने आठवायला मदतच होते. समोरचा चेहरा ही भरपूर माहिती असलेली गोष्ट आहे. मेंदूला ती बाजूला सारून आत बघायचं असतं. त्यामुळे विचार करताना नजर वळली तर ती बळजबरीने परत आणू नका.

फक्त एवढा सराव करा: प्रश्न ऐकताना त्यांच्याकडे बघा, विचार करताना नजर जाईल तिकडे जाऊ द्या, आणि उत्तराचं पहिलं वाक्य मात्र त्यांच्याकडे बघून सुरू करा. शेवटचं वाक्यही. मधलं सगळं विसरा. "एक क्षण विचार करतो" एवढं मोठ्याने म्हणालात तर समोरच्यालाही कळतं की ही नजर कशासाठी गेलीय.

खडू_फळा

मी मुलाखतीची तयारी करून घेतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. धागाकर्त्यांचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण उमेदवाराला तत्त्वाने नोकरी मिळत नाही. पॅनेलवर कोण बसलंय हे त्याच्या हातात नसतं. समोरचे लोक पहिल्या मिनिटात मत बनवतात, ही वस्तुस्थिती आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांचा १९९३ चा अभ्यास बघा. शिकवणाऱ्यांच्या आवाज बंद केलेल्या, अर्ध्या मिनिटाहून मोठ्या नसलेल्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्यांनी दिलेले गुण सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे पहिल्या छापेत काहीतरी खरं असतं.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना बसणं, उठणं, आत येणं, सगळं शिकवतो आणि शिकवत राहीन.

तिसरा_बाक (धागाकर्ता)

@खडू_फळा, शिकवाच. उमेदवाराने तयारी करू नये असं मी म्हणतच नाही. पण त्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे एक छाप दुसऱ्या छापेशी जुळली. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेले गुण हेही "हे शिक्षक आवडले का" याचंच मोजमाप होतं. मुलं किती शिकली हा प्रश्न वेगळा. मुलाखतीतही मला हीच भीती वाटते. पहिल्या मिनिटात आवडलेला माणूस शेवटीही आवडतो, आणि आपण त्याला निवडीचा पुरावा समजतो.

मोकळी_ओंजळ

मी मनुष्यबळ विभागात आहे. तिसरा_बाक यांना पूर्ण अनुमोदन, आणि थोडी भर घालते.

पॅनेलवरच्या लोकांना सर्वांत मोठा भ्रम असतो तो खोटं पकडण्याचा. "मला बघताच कळतं" असं म्हणणारे खूप भेटतात. चार्ल्स बॉन्ड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मिळून जवळपास २४ हजार लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. अचूकता सरासरी ५४ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याहून किंचित बरी. ज्यांचा हा व्यवसायच आहे, उदाहरणार्थ पोलीस, तेही यात सामान्य माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा कसा ओळखावा. सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर: तो नजर टाळतो. आणि प्रत्यक्ष मोजमापात नजर टाळण्याचा खोटेपणाशी म्हणण्यासारखा संबंध सापडत नाही. जगभर पसरलेल्या एका समजुतीमुळे लाजऱ्या, विचारी, थकलेल्या माणसांवर अविश्वास दाखवला जातोय. मला याचा मनापासून राग येतो.

डोळे उजवीकडे वर गेले की थाप, डावीकडे गेले की आठवण, ही एनएलपीवाल्यांची (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग नावाची प्रशिक्षणपद्धत चालवणाऱ्यांची) शिकवणही २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तपासली. तिला आधार मिळाला नाही.

दवबिंदू

आतापर्यंत नुसती वाचत होते, आता लिहिते. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. डेटाच्या कामात अतिशय नेटका. लेखी चाचणीत तो नेहमी पुढे असतो आणि समोरासमोर बसला की बाद होतो. अभिप्राय दरवेळी तेच: "संवादकौशल्य कमी," "गुंतल्यासारखा वाटत नाही." तो पूर्ण गुंतलेला असतो. फक्त त्याचा चेहरा ते दाखवत नाही.

त्याला घरी सराव करून "योग्य" देहबोली शिकवावी का, यावर आमच्यात वाद आहेत. आई म्हणते शिकव, मला ते त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

शाई_आणि_शब्द

@दवबिंदू, तुमच्या भावाच्या बाबतीत घडतंय त्यावर नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांची छोटीशी स्वतःची ओळख वेगवेगळ्या स्वरूपात लोकांपुढे ठेवली: व्हिडिओ, नुसता आवाज, स्थिर चित्र, आणि बोलणं फक्त लिहून काढलेलं. पाहताना किंवा ऐकताना ऑटिस्टिक व्यक्तींविषयी लोकांचं मत पटकन प्रतिकूल झालं. लिहिलेला मजकूर वाचताना तो फरक उरला नाही. म्हणजे त्यांनी जे सांगितलं त्यात काही उणं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. चेहरा बदलायला शिकवण्यात त्याची सगळी ताकद जाईल आणि उत्तरं बिघडतील, म्हणून मी ते करणार नाही. त्याऐवजी त्याला एक-दोन वाक्यं तयार करून द्या, ती त्याला पटत असतील तरच: "मी ऐकताना दुसरीकडे बघतो, तसं केल्याने माझं लक्ष चांगलं लागतं. प्रश्न थेट विचारलेत तर उत्तर अधिक चांगलं देता येईल." ऑटिझमचा उल्लेख करायचा की नाही हा निर्णय सर्वस्वी त्याचा. शिवाय प्रश्न आधी लेखी मिळतील का, मुलाखतीचा काही भाग प्रत्यक्ष काम करून दाखवण्याचा ठेवता येईल का, हे विचारायला हरकत नाही. काही ठिकाणी नाही म्हणतील. काही ठिकाणी आनंदाने देतात.

मोकळी_ओंजळ

@दवबिंदू, वरच्या प्रतिसादाला जोडून: ही विनंती मुलाखतीच्या खोलीत करण्यापेक्षा आधी ईमेलने करा. खोलीत ऐन वेळी कोणालाच काही बदलता येत नाही. ईमेल आला की आमच्यासारख्यांना पॅनेलशी आधी बोलता येतं.

दवबिंदू

दोघांचे खूप आभार. ईमेलचं सुचलंच नव्हतं. हा प्रतिसाद आईलाही वाचायला देते.

पायवाट

कोणीतरी "पॉवर पोझ"बद्दल लिहा. मुलाखतीआधी बाथरूममध्ये दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, असं सगळीकडे सांगतात.

शाई_आणि_शब्द

मूळ प्रयोग २०१० चा, ४२ जणांवर केलेला. ऐटीत उभं राहिल्याने संप्रेरकं बदलतात आणि जोखीम घ्यायची तयारी वाढते, असा दावा होता. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने सुमारे २०० जणांवर तोच प्रयोग केला. लोकांना थोडं सामर्थ्यवान वाटलं, पण संप्रेरकं आणि वागणं यांत फरक दिसला नाही. २०१६ मध्ये मूळ प्रयोगाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी आपला आता या परिणामावर विश्वास नाही असं जाहीरपणे लिहिलं. संशोधकाने असं करायला मोठं धैर्य लागतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

तुम्हाला तसं उभं राहून बरं वाटत असेल तर जरूर राहा. त्याहून जास्त उपयोगाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. आपली धडधड, कापरे हात, कोरडा घसा लोकांना स्पष्ट दिसतोय असं आपल्याला वाटतं, तेवढं ते दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करायला उभ्या राहणाऱ्यांना आधी एवढंच समजावून सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांच्या मतेही सरस झाली. तेव्हा मुलाखतीआधी स्वतःला हे सांगा की आतली गडबड समोरच्याला वाटते तितकी दिसत नसते.

खडू_फळा

हे माझ्या वर्गात नक्की सांगेन. माझ्याकडची मुलं हातांच्या भीतीने हात मांडीखाली दाबून बसतात. मग आवाजही दबतो.

तिसरा_बाक (धागाकर्ता)

@खडू_फळा, हातांचं अगदी बरोबर. हातवारे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचारालाही मदत करतात. जन्मांध मुलं दुसऱ्या अंध व्यक्तीशी बोलतानाही हात हलवतात, हे जॅना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये नोंदवलंय. बघणारं कोणीच नाही, तरी हात चालतात. मग उमेदवाराचे हात बांधून आपण काय मिळवतो? टेबलावर किंवा मांडीवर सैल ठेवा, बोलताना उठले तर उठू द्या.

चाळ्यांची गोष्ट वेगळी. पेन टिकटिकणं, अंगठी फिरवणं, पाय हलवणं यांनी ऐकणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे चाळा करता येईल अशी वस्तू हातात घेऊच नका. पाय दोन्ही जमिनीवर टेकवा आणि खुर्ची टेबलापासून तुम्हाला हव्या त्या अंतरावर ओढून घ्या. बसल्यावर खुर्ची नीट करून घेण्यात काही गैर नाही. अनेक जण ती ठेवली असेल तशीच घेतात आणि अर्धा तास अवघडून बसतात.

सायली_पान

सगळी चर्चा उमेदवाराच्या देहबोलीवर चाललीय. पॅनेलच्या देहबोलीचं काय? माझ्या एका मुलाखतीत तिघांपैकी एक जण पूर्ण वेळ लॅपटॉपवर टाइप करत होते, दुसरे सारखे घड्याळ बघत होते. माझी उत्तरं हळूहळू तोकडी होत गेली. बाहेर आल्यावर वाटलं, ही मी नव्हतेच.

मोकळी_ओंजळ

@सायली_पान, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. या विषयातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९७४ चा आहे: कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी अमेरिकेत केलेला. पहिल्या टप्प्यात गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून जास्त दूर बसले, बोलताना जास्त अडखळले आणि मुलाखत लवकर आटोपती घेतली. उमेदवारांना सारखंच वागायला शिकवलेलं होतं, तरीही.

दुसऱ्या टप्प्यात त्यांनी मुलाखतकारांना प्रशिक्षण दिलं आणि तेच दूर बसणं, तेच अडखळणं, तोच आखडता वेळ गोऱ्या उमेदवारांच्या वाट्याला दिला. त्या उमेदवारांची मुलाखत वाईट झाली. परीक्षकांना ते जास्त घाबरलेले वाटले.

हे वाचल्यापासून मी कुठल्याही पॅनेलवर "उमेदवार अवघडलेला होता" हे वाक्य ऐकलं की आधी विचारते, आपण कसे बसलो होतो? कोण फोन बघत होतं? मध्ये कोण उठून गेलं? लॅपटॉपवर नोंदी घ्यायच्या असतील तर "मी तुमची उत्तरं टाइप करतेय, म्हणून स्क्रीनकडे बघेन" एवढं सुरुवातीला सांगायला काही सेकंद लागतात.

पायवाट

+१. हे तर प्रत्येक पॅनेलला छापून द्यायला हवं.

उनाड_वारा

@सायली_पान, असं झालं तर उमेदवाराने त्या क्षणी काय करावं?

सायली_पान

मी आता एक करते. उत्तर लहान होतंय असं जाणवलं की थांबून विचारते, "यातला कोणता भाग तुमच्या कामाशी जास्त जवळचा आहे? त्याबद्दल सविस्तर सांगते." बहुतेक वेळा मान वर होते. नाही झाली तर जो एक जण ऐकतोय त्याच्याशी बोलायचं. तेवढ्याने माझा आवाज परत जागेवर येतो.

खडू_फळा

ऑनलाइन मुलाखतींबद्दलही लिहायला हवं. तिथे नजरेला नजर मिळवणं शक्यच नसतं. कॅमेऱ्यात बघितलं तर समोरचा माणूस दिसत नाही, माणसाकडे बघितलं तर त्याला आपली नजर खाली गेलेली दिसते. मी मुलांना सांगतो की समोरच्याची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणा, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आणि स्वतःचं चित्र लपवा. स्वतःकडे बघत राहणं थकवणारं असतं. उजेड चेहऱ्यावर समोरून येऊ द्या. थोडं मागे बसा म्हणजे हात दिसतील. आणि आवाज पोचायला लागणारा उशीर लक्षात घेऊन प्रश्न संपल्यावर जरासं थांबून बोला, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात आणि उमेदवार उतावळा वाटतो.

अवांतर: व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरून गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरची मुलांना फार भीती वाटते. त्याबद्दल कोणाला माहिती आहे का?

मोकळी_ओंजळ

@खडू_फळा, या क्षेत्रातली मोठी कंपनी हायरव्ह्यू. त्यांनी चेहऱ्याचं विश्लेषण वापरणं बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआय यंत्रणांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. इतर ठिकाणी नियम वेगवेगळे आहेत. तुमचा व्हिडिओ यंत्र तपासणार की माणूस, आणि यंत्र असेल तर ते काय मोजतं, हे विचारण्याचा उमेदवाराने संकोच करू नये.

शाई_आणि_शब्द

पॅनेलवर बसणाऱ्यांसाठी आणखी एक. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या आढाव्यात निवडीच्या वेगवेगळ्या पद्धती पुढच्या कामगिरीचा अंदाज किती बांधतात हे पाहिलंय. सर्वांना तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी आखीव मुलाखत सर्वांत वर आली, सहसंबंध सुमारे ०.४२ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे अंदाज तंतोतंत). मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत ०.१९. गप्पांच्या मुलाखतीत देहबोलीला शिरायला जागाच जागा असते.

तिसरा_बाक (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद सावकाश दोनदा वाचले. आमच्या पॅनेलच्या गुणपत्रकात "आत्मविश्वास आणि व्यक्तिमत्त्व" असा रकाना आहे. तो काढावा असा प्रस्ताव मांडतोय. त्या जागी "उमेदवाराने काय सांगितलं, त्याच्याच शब्दांत" असा मोठा रिकामा रकाना हवा. आणि गुण प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे, चर्चा नंतर. म्हणजे "नजर चुकवत होता" हे एकाचं वाक्य बाकीच्यांच्या गुणांत मिसळणार नाही.

ग्राहकांसमोर उभं राहून बोलण्याचं काम असेल तर सादरीकरण जरूर तपासू. पण मग सर्वांना सारखाच विषय, सारखाच वेळ देऊन, आणि आधी कळवून.

उनाड_वारा

माझी मुलाखत पॅनेलची आहे, चार जण असतील. प्रश्न एकाने विचारला तर उत्तर देताना बघायचं कोणाकडे?

खडू_फळा

ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे बघून सुरू करा. उदाहरण सांगायला लागलात की बाकीच्यांकडेही नजर जाऊ द्या, मोजूनमापून नाही, आपण घोळक्यात बोलताना जाते तशी. शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. आणि आत गेल्यावर घाई न करता बसा, वही उघडा, चौघांची नावं बसल्या क्रमाने लिहून घ्या. नाव घेऊन उत्तर देता आलं की नजर आपोआप त्या माणसाकडे जाते.

उनाड_वारा

नावं लिहून घ्यायचं छान आहे. मंगळवारी आहे मुलाखत, झाली की इथे लिहितो.